शिपायांचे डोळे उघडले तो श्रावण

स्कूटर चाललेली, चालवणाऱ्याच्या पायांशी लाकडी पाट आडवा ठेवलेला, पाटाला पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, असा पहिला माणूस ज्या दिवशी रस्त्यात दिसतो त्या दिवशी माझा श्रावण सुरू होतो. कॅलेंडर काहीही म्हणो. आमच्या मालवणाकडे गणपती दुकानातून उचलून आणायची पद्धत नाही. घरचा पाट मेस्त्रींच्या शाळेत नेऊन द्यायचा. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. मग त्याच पाटावर आपल्या घरचा गणपती घडतो, रंगतो आणि चवथीला पाटासकट घरी येतो. पाट उलटा केला तर खाली तेलरंगात घराण्याचं नाव असतं. काही पाट तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापेक्षा जुने.

यंदा तो माणूस परवा कट्टा गावच्या रस्त्याला दिसला. मी गाडी जराशी कडेला घेतली आणि उगीचच हॉर्न वाजवला. बिचारा दचकून मागे बघायला लागला. मी हात केला, त्यानेही केला. ओळख ना पाळख. पण घरी येऊन चहा पिताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो एक श्रावण आहे माझ्याजवळ, दरवर्षी पाट दिसले की तो येऊन बसतो. काही वर्षं झाली त्याला. जुना मात्र होत नाही.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना मालवणात, बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. आत आलात की डाव्या हाताला बाकडं आणि बाकड्यासमोर भिंतभर काचेचं कपाट. दुसऱ्या दवाखान्यात अशा कपाटात औषधं नाहीतर कवळ्या दिसतील. माझ्या कपाटात रणगाडे आहेत. शेरमन आहे, सेंच्युरियन आहे, टी-५५ आहे, उघड्या टपाची एक छोटी ब्रेन कॅरिअर आहे. पस्तीसात एक या मापाचे सगळे, म्हणजे खरा रणगाडा पस्तीस पट मोठा. त्यांच्या अंगाखांद्यावर, टपातून अर्धे बाहेर आलेले, चाकाला टेकून बसलेले, चहाचा मग धरलेले शिपाई. एकेक माणूस जेमतेम अंगठ्याएवढा.

"बाईमाणूस आणि रणगाडे?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की मी उत्तर ठरवूनच टाकलंय. "तोंड उघडा," असं मी म्हणते. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यानंतर काही विचारता येत नाही.

खरं उत्तर सांगायचं तर ते आमच्या घरातल्या माणसाकडे जातं. हे जहाजावर इंजिनिअर. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीला निघाले तेव्हा मी सांगितलं होतं, परत येताना मला जुळवायचं जहाज आणा, शिडाचं. आले ते रणगाडा घेऊन. "दिवसरात्र जहाजातच असतो. घरी आल्यावर पुन्हा कपाटात जहाज कोण बघणार?" असं वर मला ऐकवलं. मी फुरंगटून तो डबा माळ्यावर टाकला. मग ते पुन्हा सफरीवर गेले, पाऊस लागला, पेशंट कमी झाले, आणि मी डबा खाली काढला. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा. दात कोरायची हत्यारं हाताशी होतीच, भिंगाचा चष्मा होता, बारीक ड्रिल होतं. पहिल्या चाकालाच मला कळलं की हे माझं काम आहे. असं कळायला लागतं तरी काय? हात आपोआप मऊ होतात आणि चहा गार होतो.

मला युद्धाचं प्रेम नाही. कुणी तावातावाने लढायांच्या गोष्टी सांगायला लागलं की मला जांभई येते. पण एवढ्या लोखंडात चार माणसं कोंबून बसायची, एकाला दुसऱ्याचं धड तोंडही दिसायचं नाही, उकडायचं, कान बसायचे, आणि तरी त्यातल्या कुणालातरी आईच्या हातच्या पेजेची आठवण यायची, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी रणगाड्यापेक्षा माणसांवर जास्त वेळ घालवते. नुसता रणगाडा भंगार वाटतो मला. टपातून एक डोकं बाहेर काढलं की तिथे कुणीतरी राहायला येतं.

आणि माझे सगळे रणगाडे लाल. म्हणजे रंग ज्याचा त्याचा, हिरवा किंवा राखाडी, पण पट्ट्यांना आणि चाकांना लागलेली धूळ माझ्या अंगणातली, जांभ्या दगडाची, मलमलीतून चाळलेली. इंटरनेटवरच्या आमच्या एका गटात कुणीतरी लिहिलं की त्या आघाडीवर अशी लाल माती नव्हतीच. मी लिहिलं, माझ्याकडे आघाडी मालवणात आहे.

या छंदाला इथे ऋतू असतो हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. श्रावणात आमच्याकडे वार्निश मारायचं नाही. हवेत इतकं पाणी असतं की बिनचकाकीचं वार्निश मारलं तर दोन तासांत रणगाडा बुरशी आल्यासारखा पांढरा पडतो. महिन्याची मेहनत मातीत. मोठी फवारणी दिवाळीनंतर, हवा सुकली की. श्रावण चेहऱ्यांचा. बसल्या जागी, दिव्याखाली, बारीक ब्रशने तोंडं रंगवायची. गाल, ओठ, दाढीचे खुंट आणि सगळ्यांत शेवटी डोळे. खसखशीच्या दाण्याएवढा डोळा, त्यात पांढरं, त्यात बुबूळ. श्रावणात अख्ख्या सिंधुदुर्गात हजारो डोळे रंगत असतात. त्यातले काही माझे.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या शाळेचे दाजी मेस्त्री दाढ दुखते म्हणून आले. सत्तरीचे, उंच, बडबडे, स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करणारे. त्यांच्यासोबत शालूकाकी, त्यांची बायको. दाजी सगळं बोलून थकले की मग त्या बोलतात, म्हणजे फारसं बोलायला मिळत नाही. दाजी त्या दिवशी मात्र गप्प होते. बाकड्यावर बसायचं सोडून कपाटाच्या काचेला नाक लावून उभे.

"ह्यांचे डोळे कोणी काढले गो?"

"मी."

"बरे काढलंस. पण सगळे एकाच बाजूक कित्याक बघतत? थंय काय हाटेल आसा?"

मी समजावून सांगितलं. एवढ्याशा तोंडावर बुबूळ बरोबर मध्ये ठेवलं तर डोळे वटारल्यासारखे दिसतात, माणूस भूत बघितल्यासारखा वाटतो. म्हणून आम्ही सगळे नजर जराशी बाजूला वळवतो. जगभर असंच करतात.

"तुका जमणा नाय म्हणान सांग. जगाक कित्याक मधी घालतंस?"

मला राग आला. कौतुकाची सवय झाली होती ना. मी म्हटलं, "मगे तुमी काढून दाखवा."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मनगटाशी हळूहळू वळवला. वैशाखात माळ्यावरून साचे उतरवताना शिडी सरकली, मनगट मोडलं, प्लास्टर काढलं होतं, पण हात पहिल्यासारखा राहिला नव्हता. भांडं धरता येई, अंगाला रंग देता येई. बारीक ब्रश धरला की हात आपल्या मनाने चाले.

"आखणी जमणा नाय," ते म्हणाले. आखणी म्हणजे गणपतीच्या भुवया, डोळे, ओठ, या शेवटच्या बारीक रेषा. त्याशिवाय गणपती म्हणजे रंगवलेली माती.

"झील म्हणता डोळ्यांचे कापलेले कागद आणूया, तोंडार ठेवूया, वरसून रंग मारूया. आता सगळे तसाच करतत," शालूकाकींनी मुलाचं म्हणणं सांगितलं.

"माझ्या शाळेत कागदाचो डोळो लागाचो नाय," दाजी म्हणाले. "हात इलो नाय तर सगळ्यांचे पाट परत देतलंय. शाळा बंद."

पाट परत देणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. ज्या घराचा पाट परत आला त्या घराने ऐन चवथीच्या तोंडावर जायचं कुठे? आणि दाजींनी तरी कुठे जायचं? बापापासूनची शाळा. वर्षातले दहा महिने हा माणूस सुतारकाम करत असे, पण विचारलं तर स्वतःला सुतार कधी म्हणत नसे.

दाढ काढली ती काढलीच. पण जाताना मी त्यांना म्हटलं, "दाजी, रोज सांजचे येवा. माझे शिपाई घेवा. खसखशीएवढो डोळो जमलो तर चिंचोक्याएवढो जमतलोच." मला शंभर टक्के खात्री होती. मला बहुतेक गोष्टींची असते.

दुसऱ्या दिवशी ते आले, स्वतःचा ब्रश घेऊन. मी शेरमनच्या टपातला शिपाई काढून त्यांच्यासमोर ठेवला, जुने डोळे स्पिरिटने पुसून. दाजींनी तो दोन बोटांत धरला, भिंगाच्या चष्म्यातून न्याहाळला आणि विचारलं, "ह्याचा नाव काय?"

"नाव नाय, दाजी. डब्यातसून इलो."

"घर खंय?"

"घर कसला? जपानात कारखानो आसा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "घर ठावक नाय, त्याचे डोळे उघडूचे कशे? खंय बघतलो तो?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. तेव्हा मला कळलं की दाजी आखणीला बसण्याआधी प्रत्येक पाट वाकून खालून का बघतात. नाव वाचायला. प्रत्येक घर त्यांना आतून माहीत. खोतांच्या घरी देव उंच टेबलावर बसतो, तर नजर खाली उतरवायची. आरोंद्याच्या नाईकांकडे खोली अरुंद, माणसं जवळ बसतात, तर डोळे थोडे मिटलेले. एका घरी आई खाटेवर पडून, तर तिच्या बाजूची पापणी हलकीच वर. देव बसल्या जागी सगळ्यांकडे बघायला हवा, आणि सगळे म्हणजे नक्की कोण, हे माहीत असल्याशिवाय दाजी ब्रश उचलत नाहीत.

मग काय, आम्ही शिपायांना घरं दिली. कपाटासमोर बसून, शालूकाकींनी आणलेली भजी खात. टपातला शिपाई बांद्याचा ठरला, बापाचं बाजारात दुकान. "मगे गिऱ्हाईक येता काय बघणारो. समोर बघतलो," दाजी म्हणाले. ब्रेन कॅरिअरवर हातवारे करत उभा असलेला पिंगुळीचा, कारण हात तिथल्या बाहुल्या नाचवणाऱ्यांसारखे. सेंच्युरियन चालवणारा देवबागचा, नाव पास्कू. "पास्कूचे डोळे घारे करूया काय?" दाजींनी विचारलं, आणि आम्ही तिघांनी त्यावर अर्धा तास घालवला. शेवटी घारे केले. एका कोपऱ्यातल्या शिपायाला कुणीच घर देईना, तर शालूकाकी म्हणाल्या, "तो माझ्या माहेरचो." त्यांनी सगळ्या श्रावणात स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट.

डोळे मात्र येईनात. पहिले काही दिवस शिपायांच्या तोंडांवर काजळ फिसकटल्यासारखं दिसे. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसायची, ते पुन्हा काढायचे. "शिरा पडली ह्या हातार," असं म्हणून दाजी उठायचे, दारापर्यंत जायचे, बाहेर पाऊस बघायचे आणि परत येऊन बसायचे. माझं काम एवढंच होतं की ते दारातून पुढे जाऊ नयेत.

मग मी त्यांना आमची युक्ती दाखवली. दात कोरताना आम्ही अनामिका शेजारच्या दातावर टेकवतो. बोटाला आधार मिळाला की हत्यार हलत नाही. दाजींनी अनामिका शिपायाच्या हनुवटीखाली लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली. आणि त्या संध्याकाळी बांद्याच्या शिपायाचा डावा डोळा आला. नीट, मध्ये, समोर बघणारा. वटारलेला वगैरे अजिबात नाही. पापणीची रेघ त्यांनी बाहेरच्या कोपऱ्याशी थोडी लांबवली होती, गणपतीला लांबवतात तशी, आणि त्यामुळे तो कोवळा पोरगा एकदम शहाणा दिसायला लागला. मला हेवा वाटला. इतकी वर्षं मी जगाचं ऐकून सगळ्यांना बाजूला बघायला लावत होते!

नारळी पौर्णिमा झाली तोवर अर्धं कपाट समोर बघायला लागलं होतं. ते शिपाई आजही तसेच आहेत, मी एकालाही हात लावलेला नाही. बाकड्यावर कुठेही बसा, ते तुमच्याकडेच बघतात. नवे पेशंट चुळबुळतात, जागा बदलतात. परवाच एक धिप्पाड ट्रॉलरवाला मला म्हणाला, "डॉक्टरांनू, ते माझ्याकडे कित्याक बघतत? मी काय केलंय?" मी म्हटलं, "दात घासूक नाय, ता त्यांका कळला." तेव्हापासून घासतो म्हणे.

गोकुळाष्टमी झाल्यावर दाजींनी आखणीचा दिवस ठरवला. सकाळचा, उजेड चांगला असतो म्हणून. मी पहिला पेशंट पुढे ढकलून शाळेत गेले, कारण मला माझा विजय बघायचा होता. खोटं कशाला बोलू?

आखणीआधीची शाळा ज्याने बघितली नाही त्याला ती सांगणं कठीण आहे. लांब पडवीत फळ्यांवर ओळीने गणपती. अंग रंगलेलं, सोवळं रंगलेलं, दागिने सोनेरी, आणि डोळ्यांच्या जागी कोरं पांढरं. माझे बिनडोळ्यांचे शिपाई मला कधी असे वाटले नव्हते. इथे आवाज आपोआप खाली येतो. दाजी आंघोळ करून, कोरडा पंचा नेसून आले. पहिला पाट वाकून खालून वाचला. ब्रश बुडवला, श्वास घेतला आणि भुवईला हात घातला.

रेघ थरथरली.

त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा काढली. पुन्हा तेच. मला तेव्हा कळलं की आम्ही दोघांनी काय शहाणपणा केला होता. अंगठ्याएवढ्या शिपायाचा डोळा बोटांनी होतो, मनगट ठोकळ्यावर निवांत पडलेलं असतं. गणपतीची भुवई मनगटाने होते. नाकाच्या मुळापासून कपाळाच्या कडेपर्यंत एका श्वासात, हात हवेत तरंगता. बोट टेकवायला जागाच नाही, कारण आखणी पुरी होईपर्यंत देवाच्या तोंडाला बोट लावायचं नाही. महिनाभर आम्ही मोडलं नव्हतं त्याचाच सराव केला होता. मनगटाला कुणी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्यांदा पुसल्यावर दाजींनी ब्रश धुतला. नीट, सावकाश, केसांना टोक देऊन. मग म्हणाले, "शालू, लोकांका फोन लाव. पाट न्हेवा म्हणान सांग."

शालूकाकींनी फोन हातात घेतला. लावला नाही. पदराने स्क्रीन पुसत राहिल्या. दाजी भिंतीकडे बघत होते, आणि ती सगळी कोऱ्या डोळ्यांची ओळ आमच्या तिघांसमोर. मला भयंकर वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. पण रागाने हातपाय गाळून बसणाऱ्यातली मी नव्हे.

मी चप्पल काढून आत गेले आणि फळीच्या पुढ्यात जमिनीवर बसले. गुडघा उभा केला, त्यावर कोपर रोवलं आणि तळवा वर केला, गणपतीच्या गळ्याइतक्या उंचीवर.

"दाजी, टेकूक जागा नाय ना? ही घेवा जागा."

"तुझ्या हातार? आणि तुझो हात हल्लो तर?"

"पंचवीस वर्सां लोकांच्या तोंडात सुई घालतंय. माझो हात हलणा नाय."

ही बढाई नाही. हलत नाही. देवाने मला गाता गळा दिला नाही, उंची दिली नाही, पण हात दिलाय.

दाजींनी ब्रश पुन्हा उचलला. त्यांचं मनगट माझ्या तळव्यावर आलं, आणि बाप रे, काय ते वजन! अख्खा दंड, खांदा, महिनाभराची भीती, सगळं एकदम. आणि त्या वजनाच्या आत थरथर. ती माझ्या हातात शिरली, कोपरापर्यंत गेली आणि गुडघ्यात विरली. मी मान खाली घातली होती, कारण वर बघितलं तर खांदा हलतो. मला समोर दिसत होती फक्त पाटाची कड आणि मातीचा उंदीर. "दम धर," दाजी म्हणाले. मी धरला. मनगट माझ्या तळव्यावरून एका बाजूने दुसरीकडे सरकलं. मागे शालूकाकींनी सुस्कारा टाकला, तेव्हा मला कळलं की भुवई आली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांत मी मोजते. दवाखान्यावर पाटी लावली: डॉक्टर गणपतीच्या शाळेत आहेत, दात दुखत असल्यास तिकडे येऊ नये. तरी दोघं आलेच. एकाला मी बसल्या जागेवरून लवंग चावायला सांगितलं. सकाळी उजेड आला की बसायचं, दुपारी उजेड मंदावला की उठायचं. गुडघ्याला वळ पडला. दाजी पाट वाकून वाचायचे, त्या घराबद्दल चार वाक्यं बोलायचे, मग गप्प. मग "दम धर." मी त्या दिवसांत इतक्या घरांच्या गजाली ऐकल्या, पण एकाही गणपतीचा डोळा उघडताना बघितला नाही. मी खाली. तळहात वर, नजर उंदरावर. काम संपून मी उठेपर्यंत दाजी त्या मूर्तीवर फडकं टाकत, आणि न्यायला घरातलं माणूस येईपर्यंत ते काढत नसत.

छंद म्हणून आपण जे करतो त्याचा उपयोग काय, असं लोक विचारतात. त्या दिवसांनंतर मी कुणालाही उत्तर देत बसत नाही. उपयोग झाला की कळतो, आणि नाही झाला तरी माझे रणगाडे सुंदर आहेत.

पण एक गोष्ट मला रोज कळत होती आणि मी बोलत नव्हते. वजन कमी होत होतं. दाताच्या डॉक्टरला दाब किती हे हातानेच कळतं, तिथे चूक व्हायची नाही. पहिल्या दिवशी ओझं होतं, मग नुसता हात राहिला, मग हाताची ऊब. थरथर तर कधी थांबली ते माझ्याही लक्षात आलं नाही. मी बोलले नाही, कारण बोललं की माणूस आपल्या हाताकडे बघायला लागतो, आणि हाताकडे बघितलं की हात बिघडतो. आणि दुसरं कारणही सांगते. वजन संपलं की माझं काम संपणार होतं, आणि ते मला नको होतं.

शेवटचा पाट दाजींच्या स्वतःच्या घरचा. शाळेच्या मालकाचा गणपती सगळ्यांच्या मागून, असा त्यांचा रिवाज. बाहेर आरोंद्याचा टेम्पो येऊन लागला होता, लांबचे म्हणून आदल्या दिवशीच आलेले, पण कुणी आत पाऊल टाकलं नाही. दाजींनी हा पाट वाकून वाचला नाही. सरळ ब्रश बुडवला. मी कोपर रोवलं, तळवा वर केला, मान खाली घातली. त्यांचं मनगट माझ्या तळव्यावर आलं. आलं म्हणजे कातडीला कातडी लागली, इतकंच. वजन नव्हतंच.

ते थांबले.

"बाय, हात काढ."

"दाजी..."

"काढ म्हणतंय मां."

मी हात काढला. म्हणजे खाली घेतला, पण पुरता नाही. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराच्या मागे आई हात धरते तसा हवेत धरून ठेवला, चार बोटं खाली. आणि या वेळी मान वर केली. खांदा हलला तर हलला.

दाजींचा हात एकटा वर गेला. भुवईची रेघ नाकाच्या मुळातून निघाली आणि कपाळाच्या कडेला जाऊन हलकीच संपली. दुसरी तशीच. मग पापणी, मग कोपऱ्यातली तांबूस रेघ, मग बुबूळ. पहिलं. दुसरं. त्या कोऱ्या पांढऱ्यात अचानक कुणीतरी होतं. मला रडू फुटलं, आणि मी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

दाजींनी ब्रश खाली ठेवला. ठेवल्यावर त्यांचा हात जो थरथरायला लागला, तो दंडापर्यंत. आता थरथरला तरी चालणार होतं. मी उठायला लागले.

"उठू नको," ते म्हणाले. त्यांचाही आवाज ठिकाणावर नव्हता. "आमच्या घरात सगळे जमनीरच बसतत. थंयसून सांग. देव तुझ्याकडे बघता काय?"

मी बसल्या जागेवरून बघितलं. नीट, खात्री करून.

"बघता, दाजी."

"मगे झाला," ते म्हणाले. मग तो थरथरणारा हात त्यांनी माझ्या हातावर टाकला, सगळ्या वजनानिशी, आणि त्याच्या आधाराने उठून उभे राहिले.